आधी अंदाज, मग क्लिक

सुरुवातीलाच एक प्रश्न. दोन अगदी सारखे बल्ब सिरीजमध्ये जोडले आणि बॅटरी लावली. कोणता बल्ब जास्त उजळेल? बॅटरीच्या धन टोकाजवळचा, ऋण टोकाजवळचा, की दोन्ही सारखेच? पुढे वाचण्याआधी मनाशी एक उत्तर पक्कं करा. नंतर बदलायचं नाही हं!

हा प्रश्न मला विचारला माझ्या ताईने. ती बी.एड. करते. बी.एड. म्हणजे नुसता अभ्यास नव्हे. आधी सूक्ष्म अध्यापन, मग खऱ्या शाळेत जाऊन सराव पाठ. प्रत्येक पाठाचं टाचण काढायचं आणि मागच्या बाकावर वही घेऊन निरीक्षक सर बसलेले. आपली ओरल परवडली, निदान तिथे चाळीस पोरं आपल्याकडे बघत नसतात!

ताईला नववीचं 'धाराविद्युत' हे प्रकरण आलं आणि पाठात संगणक वापरायचा होता. तिने फोन केला, "अरे, तू इंजिनिअर ना? मला एक चांगलं पीपीटी करून दे." झालं! मी एका रात्रीत बेचाळीस स्लाइड्स बनवल्या. फिरणारी अक्षरं, पळणारे इलेक्ट्रॉन, ओहमचा नियम तीन रंगांत. रूमवर सगळ्यांनी वाहवा केली. मी खूश.

पाठ झाला आणि रात्री ताईचा फोन आला. आवाज पडलेला. मुलं म्हणे शांत बसली, सिनेमा बघावा तशी. शेवटी तिने तोच दोन बल्बांचा प्रश्न विचारला. बहुतेक हात 'पहिला बल्ब' या उत्तराला वर गेले. कारण काय? "पहिला बल्ब करंट खातो, दुसऱ्याला उरलेला मिळतो." पस्तीस मिनिटं इलेक्ट्रॉन पळवून मुलांच्या डोक्यातली समजूत तसूभरही हलली नव्हती. निरीक्षक सरांनी वहीत शेरा मारला, की पाठात संगणक दिसला, विद्यार्थी दिसले नाहीत. ताई म्हणाली, "मला नाही वाटत मी शिक्षिका होईन."

मी तिला समजावायला गेलो. दोन्ही बल्बांतून प्रवाह सारखाच, हे सूत्र लिहून दाखवलं. ती म्हणाली, "ते मलाही येतं. पण नववीच्या पोराला पटेल असं सांग ना, *का* सारखाच?" आणि मी गप्प! सर्किटचे दोन पेपर पास झालेला मी, एका 'का'पुढे आडवा पडलो.

मग आम्ही दोघांनी जरा वाचायला घेतलं. ली शुलमन या शिक्षणतज्ज्ञाने १९८६ साली एक साधी गोष्ट मांडली. विषय येणं वेगळं, शिकवता येणं वेगळं, आणि *तो* विषय कसा शिकवायचा हे तिसरंच ज्ञान. मुलं नेमकी कुठे चुकतात हे त्यात येतं. पुढे २००६ साली पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी त्यात तंत्रज्ञानाची भर घातली. त्यांच्या मांडणीला आज 'टीपॅक' म्हणतात. तीन वर्तुळं काढा : विषय, अध्यापन, तंत्रज्ञान. तिन्ही जिथे एकमेकांवर येतात, तिथे चांगला डिजिटल पाठ सापडतो. आणि गंमत म्हणजे हे मिश्रा आपल्याच जातकुळीतले! पिलानीला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग केलं आणि मग आयआयटी मुंबईत डिझाइन शिकले.

माझ्या बेचाळीस स्लाइड्समध्ये विषय होता, तंत्रज्ञान होतं. अध्यापनाचं वर्तुळ कोरं होतं. मुलांना काय वाटतं, हे मी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या पाठाला ताईने पीपीटी बाजूला ठेवलं आणि 'फेट' वापरलं. २००१ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्यांपैकी एक, कार्ल वाइमन यांनी २००२ साली कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेला हा प्रकल्प. त्यातल्या सर्किटच्या सिम्युलेशनमध्ये वायर, बल्ब, बॅटरी ओढून आणायची आणि जोडायची. फुकट आहे आणि फाइल एकदा उतरवून घेतली की नेट नसलं तरी चालतं. पाठ असा झाला :

१) संगणक बंद. फळ्यावर सर्किट काढलं आणि प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहिला. खोडायचं नाही.

२) हात वर करून मतं मोजली. मग शेजाऱ्याला आपलं कारण पटवायचं. वर्गात बाजार भरला, पण विषयाचाच!

३) आता संगणक. बॅटरी ९ व्होल्ट, प्रत्येक बल्ब १० ओहम. दोन्ही बल्ब सारखेच उजळले.

४) अमीटर बॅटरीपाशी, दोन बल्बांच्या मध्ये आणि शेवटी लावला. तिन्ही ठिकाणी ०.४५ अँपिअर.

५) आता 'का'. ताईने सायकलची चेन आठवायला सांगितली. पेडल मारलं की सगळ्या कड्या एकाच वेगाने सरकतात. मागचं चाक चेन 'खात' नाही, चेन फक्त पायाची ताकद तिथे पोचवते. तसंच बल्ब विद्युतप्रभार खात नाही. ऊर्जा तेवढी घेतो.

खरी मजा पुढे आली. ताईने मुद्दाम टॉर्चचे दोन बल्ब आणि सेल नेले होते. जोडले, तर पहिला बल्ब किंचित मंद! मागून एक मुलगी ओरडली, "बाई, कॉम्प्युटर खोटं बोलला!" ताई म्हणते, पोटात गोळा आला. पण ती शांतपणे म्हणाली, "मग ठरवायचं कसं, दोष जागेचा की बल्बचा?" क्षणभर शांतता. मग तीच मुलगी उठली आणि तिने दोन्ही बल्बांची अदलाबदल केली. मंद बल्ब नव्या जागीही मंदच राहिला! म्हणजे जागेचा काही दोष नाही, बाजारातले दोन बल्ब तंतोतंत सारखे नसतात. हे त्या मुलीने स्वतः शोधलं. सिम्युलेशनमधले बल्ब आदर्श असतात, खरे नसतात, हेही वर्गाला त्यातूनच कळलं.

या वेळी शेरा काय मिळाला, ते ताईने सांगितलं नाही. फक्त म्हणाली, "पुढच्या पाठाला चुंबक आहे. पीपीटी नको, दोन खिळे आण." मी समजलो!

आता तुम्ही म्हणाल, हे आम्हाला कशाला? अहो, परीक्षेच्या आदल्या रात्री दोन वाजता ज्युनिअरला नेटवर्क थिअरी कोण शिकवतं? आपणच. आपल्यातले काही जण पुढे लेक्चरर होतील, कुणी कंपनीत नव्या पोरांना ट्रेनिंग देईल. तेव्हा लॅपटॉप उघडण्याआधी तीन गोष्टी बघा. समोरच्याला आत्ता काय वाटतं? या साधनाने असं काय दिसणार आहे, जे खडूने दिसत नाही? आणि लाइट गेली तर? पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर नसेल तर खडू बरा. तिसऱ्यासाठी बल्ब, सेल आणि वायर खिशात असू द्या.

आणि हो, आमच्या सरांनाही नम्र विनंती. सर, स्लाइड पुढे ढकलण्याआधी एकदा थांबून विचारा, "पुढे काय होईल असं वाटतं?" मागच्या बाकावरचे आम्हीसुद्धा जागे होऊ!

जाता जाता, सुरुवातीला तुम्ही काय उत्तर ठरवलं होतं? खरं सांगा. मी हा प्रश्न आमच्या विंगमध्ये विचारला, तेव्हा फायनल इयरचे दोघं 'पहिला' म्हणाले. नावं सांगत नाही, मेसमध्ये रोज गाठ पडते!