स्पार्क प्लग घेताना आकडा वाचा

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला. हा मार्ग आपल्या वर्धा जिल्ह्यातून जातो. त्यावर मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. व्यापाराच्या निमित्ताने टर्बो पेट्रोल इंजिनाची ताकदवान गाडी घेऊन तासन्‌तास याच वेगाने जाणारे आपल्यातही आहेत. अशा गाडीचे प्लग बदलताना दुकानदार विचारतो, "साधा देऊ की इरिडियम?" ग्राहकाने मात्र आधी विचारावे, "आकडा कोणता?"

उष्णतेचा हिशेब

प्लगचे काम ठिणगी देणे आणि आपल्या टोकाची उष्णता इंजिनाच्या हेडकडे सोडणे. टोक सुमारे ४५० अंशांच्या वर तापले तरच त्यावरची काजळी जळून जाते. त्याहून थंड राहिले तर प्लग काळा पडतो आणि गाडी मिसिंग करते. उलट, ८०० अंशांच्या वर गेले तर टोकच निखाऱ्यासारखे होऊन ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटवते. मग पिस्टनला भोक पडू शकते. चार प्लगांत वाचवलेले पैसे इंजिन खोलताना कितीतरी पटीने जातात.

उष्णता लवकर सोडतो तो 'थंड' प्लग, धरून ठेवतो तो 'गरम' प्लग.

आकड्याचा घोळ

कापडाच्या धंद्यातील माणसाला हा घोळ लगेच समजेल. सुती सुताचा काउंट वाढला की सूत बारीक होते, पण पॉलिस्टरचा डेनियर वाढला की धागा जाड होतो. प्लगचेही तसेच आहे. एनजीके आणि डेन्सो यांचा आकडा वाढला की प्लग थंड होतो. बॉशचा (२००८ पूर्वीची आपली 'मायको') आकडा वाढला की प्लग गरम होतो. एनजीकेचा ६ हा अंदाजे बॉशच्या ७ च्या जोडीचा. म्हणून कंपनी बदलताना आकड्याला आकडा जुळवू नये, तक्ता पाहून घ्यावा.

नमुना म्हणून एनजीकेचा 'बीकेआर६ईआयएक्स-११' घ्या. 'बी' म्हणजे १४ मिलिमीटर चूडी, 'आर' म्हणजे रेझिस्टर, ६ हा उष्णतेचा आकडा, 'ई' म्हणजे चूडीची लांबी १९ मिलिमीटर, 'आयएक्स' म्हणजे इरिडियम आणि ११ म्हणजे १.१ मिलिमीटर गॅप. चूडी जास्त लांब असेल तर पिस्टन प्लगवर आदळू शकतो.

कोणी काय घ्यावे?

१) गाडी जशी कंपनीतून आली तशीच असेल, तर पुस्तिकेतील आकडा सोडू नये. वर्ध्याच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यासाठी वेगळा प्लग लागत नाही. उलट, थंड प्लग बाजारातल्या संथ फेऱ्यांत काळा पडेल.

२) केवळ एअर फिल्टर किंवा सायलेन्सर बदलला म्हणून थंड प्लग लागत नाही. ७५ ते १०० अश्वशक्ती वाढली तर एक पायरी थंड, असा एनजीकेचा ठोकताळा आहे. चाकणला बनणाऱ्या टायगुनच्या १.० लिटर इंजिनात साध्या रिमॅपने एवढी वाढ होत नाही. बूस्ट वाढवला असेल तर ज्याने काम केले त्याच्याकडून आकडा लिहून घ्यावा.

३) टर्बोत दाब जास्त असल्याने ठिणगीला उडी मारणे जड जाते. म्हणून गॅप बहुधा ०.६ ते ०.८ मिलिमीटर असतो. तो वाढवू नये.

४) इरिडियमने ताकद वाढत नाही, आयुष्य वाढते. ही धातू सुमारे २,४४६ अंशांना वितळते, निकेल १,४५५ ला. मात्र तिचे बारीक टोक तारेच्या ब्रशने घासू नये.

जुना प्लग सांगतो

काढलेले प्लग फेकू नका, सिलिंडरच्या क्रमाने मांडून पाहा. टोक फिकट तपकिरी असेल तर आकडा बरोबर आहे. कोरडी काजळी असेल तर प्लग थंड पडतो किंवा पेट्रोल जास्त जाते. पांढरे पडून फोड आले असतील तर गाडी वेगाने चालवणे थांबवून आधी मेकॅनिकला दाखवावे.

नवीन प्लग थंड इंजिनातच, आधी हाताने फिरवून बसवावा. माल पक्क्या बिलानेच घ्यावा, कारण नामांकित कंपन्यांचे नकली प्लगही विकले जातात. काठावरचे नाव पाहून थान घेणारा व्यापारी फसतो, काउंट तपासणारा फसत नाही. प्लग घेतानाही हीच सवय कामी येते.