जबडा दुखतो, सुया टोचून घ्याव्यात का?

प्रश्न : माझे वय ३४. सकाळी उठल्यावर जबडा आखडतो, जांभई देताना कानाजवळ कट्कन आवाज येतो. अ‍ॅक्युपंक्चरने बरे वाटेल का?

उत्तर : दुखणे स्नायूंचे आहे की सांध्याचे, यावर ते अवलंबून आहे. सकाळचा आखडलेपणा बहुधा झोपेत दात खाण्याचा असतो. चावण्याचे स्नायू रात्री पुन्हापुन्हा आवळले जातात. अशा वेदनेत अ‍ॅक्युपंक्चरने काही आठवडे आराम पडतो, असे छोट्या अभ्यासांत दिसले आहे. मात्र खोट्या सुयांशी तुलना केली की फरक बराच कमी होतो. सुया गालाच्या स्नायूत, कानापुढच्या खळग्यात आणि हातावर अंगठा-तर्जनीच्या मध्ये टोचतात. हातावरचा बिंदू गरोदरपणी टाळतात. सांध्यातली सरकलेली चकती मात्र सुईने जागेवर येत नाही. नुसता आवाज येत असेल, दुखत नसेल, तर उपचारच नकोत.

आधी दंतवैद्यांना दाखवा. रात्री दातांवर बसवायचे गार्ड, गरम शेक, महिनाभर मऊ जेवण. चिक्की, ऊस, च्युइंगम बंद. एवढ्यानेच बहुतेकांना उतार पडतो. त्याच्या जोडीला अ‍ॅक्युपंक्चर जरूर घ्या, पण नोंदणीकृत तज्ज्ञाकडून आणि एकदाच वापरायच्या निर्जंतुक सुयांनीच. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा.

तोंडात उभी तीन बोटे मावत नसतील, जबडा अडकत असेल किंवा सूज-ताप असेल तर थांबू नका. चालताना जबडा दुखून छाती भरून येत असेल, तर तत्काळ हृदयाची तपासणी करून घ्या.