साबुदाण्याचा कंद : पोट भरतो, पण...

साबुदाणा कशाचा होतो, असे मी दवाखान्यात विचारतो तेव्हा फारच थोड्यांना सांगता येते. आपला साबुदाणा कसावा या कंदाच्या सत्त्वापासून बनतो. तमिळनाडूत सेलम भागात त्याचे कारखाने आहेत. केरळात या कंदाला कप्पा म्हणतात.

कसावा हलक्या जमिनीत व कमी पावसातही येतो, म्हणून आफ्रिकेत तो कोट्यवधी गरिबांचे मुख्य अन्न आहे. मात्र या पिकात मोठा दोष आहे. कंद कापला वा ठेचला की त्यातील लिनामारिन या द्रव्यापासून सायनाइड हे विष तयार होते. कडू जातीत ते अधिक असते. तरीही शेतकरी कडू जात लावतात, कारण जनावरे व चोर तिच्या वाटेला कमी जातात. असे कंद काही दिवस पाण्यात भिजवून, उन्हात वाळवून मगच त्यांचे पीठ करतात.

दुष्काळात कंदातील विष वाढते आणि भुकेपोटी भिजवण्याचे दिवस कमी होतात. 1981 साली मोझांबिकच्या नांपुला प्रांतात असेच घडले. हजाराहून अधिक लोकांचे पाय एकाएकी ताठ होऊन लुळे पडले. त्यांत मुले व स्त्रियाच अधिक होत्या. हा कोंझो रोग. काँगोतील याका भाषेत या शब्दाचा अर्थ ‘बांधलेले पाय’. आलेले अपंगत्व जन्मभर राहते, त्यावर इलाज नाही.

थोडे सायनाइड शरीर निकामी करू शकते. त्यासाठी डाळी, मासे, अंडी, दूध यांतील गंधकयुक्त प्रथिने लागतात. कसाव्यात प्रथिने नगण्य असतात. म्हणजे ज्याच्या ताटात फक्त कसावा, त्यालाच धोका जास्त.

मग आपला साबुदाणा? घाबरू नका. तो करताना सत्त्व भरपूर पाण्यात धुतले व भाजले जाते, त्यामुळे विषाची भीती उरत नाही. परंतु उरतो तो जवळजवळ निव्वळ पिष्टमय पदार्थ. म्हणून खिचडीत दाण्याचे कूट सढळ हाताने घाला, सोबत दही किंवा ताक घ्या. मधुमेहींनी बेतानेच खावे. आजाऱ्याला वा लहान मुलाला नुसत्या साबुदाण्याच्या पेजेवर दिवसेंदिवस ठेवू नये. ताजा कंद मिळाला तर साल काढून, तुकडे करून, भरपूर पाण्यात पूर्ण शिजवावा व ते पाणी फेकून द्यावे. कच्चा कधीही खाऊ नये.