विश्वाची उत्पत्ती, दुःख आणि ख्रिस्ती विचार : वेरूळच्या खडकापासून

वेरूळच्या सहलीत आपण शिल्पं बघतो, खडक कोणी बघत नाही. हा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी थंड झालेला लाव्हा.

आता गंमत बघा. 17व्या शतकात आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी बायबलमधल्या वंशावळी मोजून जगाचा आरंभ इ.स.पू. 4004 हा ठरवला. त्या हिशोबाने 8व्या शतकात कैलास लेणं कोरताना हा खडक जेमतेम पावणेपाच हजार वर्षांचा! पण सगळे ख्रिस्ती विचारवंत असे नव्हते, बरं का. संत ऑगस्टीन यांनी अशरच्या हजारएक वर्षं आधीच सांगितलं होतं की उत्पत्तीचे सहा दिवस आपल्या दिवसांसारखे समजू नयेत. आणि विश्व एका आदिअणूपासून प्रसरण पावलं, हे 1931 मध्ये मांडणारे जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. 1951 मध्ये पोप पायस बारावे यांनी या शोधाचा संबंध निर्मितीच्या श्रद्धेशी जोडला, तेव्हा लमेत्रना ते रुचलं नाही. विज्ञानाचा सिद्धान्त धर्माचा पुरावा म्हणून वापरू नये, असं त्यांचं मत. मला ते पटतं.

म्हणजे उत्पत्तीचं भांडण बरंचसं मिटतं. दुःखाचं मिटत नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 1616 च्या मराठी ‘ख्रिस्तपुराणा’त पारंपरिक उत्तर आहे : आदामाने आज्ञा मोडली आणि मृत्यू जगात आला. पण वेरूळचा लाव्हा वाहत होता त्याच सुमारास डायनोसॉर नष्ट झाले. तेव्हा माणूस कुठे होता?

लांब कशाला जायचं? 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, हजारो माणसं गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं जड माळवद अंगावर आलं. यात काही भाग माणसाच्या हातातला होता, पण भूकंप कुणाच्या पापाने आला?

भौतिकशास्त्रज्ञ आणि अँग्लिकन धर्मगुरू जॉन पोकिंगहॉर्न यांचं उत्तर असं : देवाने जगाला स्वतःच्या नियमांनी घडायची मोकळीक दिली. ज्या कवचाच्या हालचालींनी डोंगर उभे राहतात, त्यांनीच भूकंप होतात. उत्तर विचारी आहे, वर्गात चालतं. ढिगाऱ्यापाशी बसलेल्या आईला ते सांगता येणार नाही.

बायबलमधल्या ईयोबाचे मित्रही त्याला दुःखाची कारणं समजावत बसले होते. शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर. तक्रार करणाऱ्या ईयोबावर नाही.