ओवाळणीतला कमठा

'स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स' हा पेपर आपल्यापैकी बहुतेकांनी पाठांतरावर काढलेला आहे. कँटिलिव्हर बीम म्हटलं की एक आकृती, एक फॉर्म्युला आणि दहा मार्क! पण तोच बीम हातात घेऊन कोयत्याने छिलायची वेळ आली तर? मागच्या दिवाळीच्या सुट्टीत घाटंजीला घरी मी धाकट्या बहिणीसाठी बांबूचं धनुष्य बनवलं. ते कसं, हे इथे पायरीपायरीने सांगतो. कुणाला बनवायचं असेल तर उपयोग होईल, नसेल तर व्हायवाला सांगायला एक उदाहरण मिळेल.

धनुष्यच का?

बहीण आठवीत आहे आणि शाळेत धनुर्विद्या शिकते. 2023 साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची अदिती स्वामी कंपाउंड प्रकारात विश्वविजेते झाले, त्या दोघांची कात्रणं तिच्या कपाटावर चिकटवलेली आहेत. कंपाउंड किंवा रिकर्व्हचा चांगला संच घ्यायचा तर लाखाच्या वर खर्च, म्हणजे आपल्या घरी तो विषयच नाही. पण आपल्या देशात 'इंडियन राउंड' नावाचा एक प्रकार आहे. त्यात बांबूच्या धनुष्याने नेम धरतात आणि राष्ट्रीय स्पर्धेत अंतर 50 आणि 30 मीटर असतं. बहीण यातच खेळते. अडचण एकच, शाळेचं धनुष्य शाळेतच राहतं. सुट्टी लागली की सराव बंद, आणि निवड चाचणी सुट्टी संपल्या संपल्या! म्हणून ठरवलं, यंदा भाऊबीजेच्या ताटात पैसे टाकायचे नाहीत, धनुष्य ठेवायचं.

आपल्या तालुक्यात कोलामांचे पोड आहेत. बांबूकामात या लोकांचा हात धरणारा कोणी नाही. आमच्या ओळखीचे एक म्हातारे बाबा पोडावर टोपल्या, सुपं, तट्टे विणतात आणि तरुणपणी त्यांनी कमठेही केलेले आहेत. (तिरकमठा म्हणतो ना आपण, त्यातला कमठा म्हणजे धनुष्य.) त्यांना सांगितलं तर त्यांनी बांबूचं नावही काढलं नाही. पहिला प्रश्न, "पोरगी केवढी हाय? किती वढते?"

उत्तर मोजून आणावं लागलं. घरी कापूस मोजायचा टांगता काटा होता. त्याच्या हुकात दोरी अडकवून बहिणीला नेमाच्या पवित्र्यात ओढायला लावलं. हात न थरथरता दहा अंक मोजेपर्यंत ती 10 किलो धरू शकत होती आणि हात हनुवटीशी आला की ताण 24 इंच होत होता. म्हणजे डिझाइन लोड मिळाला : 24 इंचांवर 10 किलो.

पायरी 1 : बांबू

मानवेल जातीचा बांबू घ्यावा. याची भिंत जाड असते, कधीकधी तो जवळजवळ भरीवच निघतो. वय तीन वर्षांच्या पुढचं हवं. कोवळ्या बांबूच्या पेरांवर टरफलं आणि पांढरी भुकटी दिसते, जून बांबूवर डाग धरलेले असतात. आमचा बांबू शेताच्या धुऱ्यावरचाच होता. 1927 च्या वन कायद्यात 2017 साली दुरुस्ती झाली आणि जंगलाबाहेरचा बांबू 'झाड' या व्याख्येतून निघाला. त्यामुळे स्वतःच्या शेतातला बांबू तोडायला त्या कायद्याची आडकाठी नाही. जंगलातल्या बांबूला मात्र नियम आहेत, तिथे परस्पर कोयता चालवू नये.

तोडणी हिवाळ्यात करावी. मी आदल्या डिसेंबरात, परीक्षा संपल्यावर तोडला. बांबूत स्टार्च असतो आणि त्यावरच भुंगा येतो. म्हणून पंधरा दिवस पाण्याच्या टाक्यात बुडवून ठेवला, मधून मधून पाणी बदललं. मग उभा दोन फाका करून सावलीत माळ्यावर ठेवला. वाळला की नाही हे अंदाजाने ठरवू नये. घरी जाईन तेव्हा मी फाक वजन करून आकडा लिहून ठेवायचो. दोन वेळा वजन सारखंच भरलं तेव्हा समजलं की सुटायचं ते पाणी सुटलं.

पायरी 2 : आकार

धनुष्य ताणलं की बाहेरची बाजू (तिरंदाजाच्या समोरची) ताणली जाते आणि आतली दाबली जाते. म्हणजे बाहेर टेन्शन (परीक्षेचं नव्हे!) आणि आत कॉम्प्रेशन. बांबूचे मजबूत तंतू सालीकडे सर्वात दाट असतात, म्हणून साल बाहेर ठेवायची आणि तिला हत्यार लावायचं नाही. पेरांचे उंचवटे कानशीने हलके बसवायचे, बस्स. छिलायचं ते फक्त आतून.

आता मुठीपासून टोकापर्यंतचा अर्धा भाग घ्या. हा झाला कँटिलिव्हर. टोकाला दोरीचा ओढा, म्हणून बेंडिंग मोमेंट मुठीजवळ सर्वात जास्त आणि टोकाला शून्य. जाडी सारखी ठेवून रुंदी टोकाकडे निमुळती करत नेली, तर मोमेंट आणि कडकपणा दोन्ही एकाच प्रमाणात कमी होतात आणि वाक सगळीकडे सारखा येतो. मी लांबी 5 फूट धरली, रुंदी मुठीजवळ 36 मिलिमीटर आणि टोकाला 12. टोकाला दोरीच्या खाचेपुरती रुंदी ठेवावीच लागते.

जाडीचं गणित मात्र कडक आहे. कडकपणा रुंदीच्या सरळ प्रमाणात बदलतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात. 8 मिलिमीटरचे 7.2 केले, म्हणजे जाडी फक्त 10 टक्के उतरवली, तर 0.9 चा घन 0.729. कडकपणा थेट 27 टक्क्यांनी गेला! आणि छिललेलं परत लावता येत नाही. म्हणून शेवटी शेवटी कोयता बाजूला ठेवून काचेच्या तुकड्याने खरवडतात.

पायरी 3 : वाक

सगळ्या कामाचा जीव इथे आहे. पोडावर भिंतीला खुंटी ठोकून धनुष्य आडवं अडकवलं, दोरीला खाली तोच कापसाचा काटा लावला आणि थोडं थोडं ओढून पाहिलं. मी कॉलेजच्या सवयीने व्हर्नियर घेऊन बसलो होतो. दर चार इंचांवर जाडी मोजली. डावी-उजवी दोन्हीकडे आकडे सारखे आले. बाबांनी व्हर्नियरकडे पाहिलंही नाही. दोन पावलं मागे गेले, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "डावीकून ताठ हाय. मंधात वाकतच नाही."

खरोखरच तसं होतं. डाव्या बाजूला दोन पेरं जवळ जवळ होती. पेरापाशी तंतू आडवेतिडवे जातात, भिंत जाड होते, म्हणून तेवढा भाग कमी वाकत होता. तिथे वाकायचं राहिलेलं सगळं शेजारच्या भागावर येत होतं. जिथे वाक जास्त तिथे त्रिज्या लहान, आणि स्ट्रेन म्हणजे अर्धी जाडी भागिले त्रिज्या. 8 मिलिमीटर जाडीला 60 सेंटिमीटर त्रिज्या असेल तर स्ट्रेन 0.67 टक्के, तीच त्रिज्या 40 झाली तर 1 टक्का. धनुष्य मोडतं ते अशा जागी. ते अख्खं कमजोर असावं लागत नाही, एका जागेवर दुसऱ्याचा भार पडला की पुरतं.

आपलं पुस्तक एकजिनसी पदार्थ धरून चालतं. बांबू तसा नसतो. म्हणून माप जाडीचं नाही, वाकेचं घ्यायचं. जिथे ताठ आहे तिथे दहा-बारा वेळा खरवडायचं, दोरी वीस-तीस वेळा ओढायची, पुन्हा लांबून पाहायचं. तीन दिवस हेच केलं. मी घाई करू लागलो की बाबा म्हणायचे, "थांब ना बाप्पा. थेच सांगते कुठं छिलाचं थे. तू पाय फक्त."

1991 साली आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या, सुमारे 5300 वर्षांपूर्वीच्या 'ओत्झी' या माणसाजवळ यू लाकडाचं 1.82 मीटर लांबीचं धनुष्य होतं. तेही अर्धवट घडवलेलं, हत्याराच्या खुणा अंगावर तशाच. इतकं जुनं आहे हे खरवडणं!

काटा 24 इंचांवर 10 किलो दाखवू लागला तेव्हा हात थांबवला. पॉलिशपेपर मारला आणि जवसाच्या तेलाचे तीन हात दिले. बाबांच्या वेळी दोरीही बांबूच्याच पातळ कामटीची असे. मी पॉलिस्टरचा दोरा अनेकपदरी पिळून मेण लावलं. दोरी चढवल्यावर मूठ आणि उभा अंगठा मावेल एवढं अंतर हवं, म्हणजे साधारण 15 सेंटिमीटर.

थोडा हिशोब

10 किलो म्हणजे 98 न्यूटन. 15 सेंटिमीटरपासून 24 इंचांपर्यंतची ओढ साधारण 0.46 मीटर. आलेख सरळ रेषेत धरला तर साठलेली ऊर्जा ½ × 98 × 0.46, म्हणजे सुमारे 22 ज्यूल. त्यातली 60 टक्के बाणाला मिळाली असं धरलं, तर 20 ग्रॅमचा बाण सेकंदाला 36 मीटर वेगाने सुटतो. ताशी 130 किलोमीटर! म्हणून हे खेळणं नाही. बाण न लावता दोरी कधीच सोडू नये, सगळी ऊर्जा धनुष्यालाच खावी लागते. लक्ष्य म्हणून कुटार गच्च भरलेलं पोतं आणि त्याच्या मागे मातीचा बांध हवा. सराव झाला की दोरी उतरवून ठेवावी. आणि शिकारीचा विचारही नको. टिपेश्वरचं अभयारण्य आपल्या शेजारीच आहे आणि 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार गुन्हा आहे.

भाऊबीजेला बहिणीने ओवाळलं, मी धनुष्य पुढे केलं. तिने "छान आहे" वगैरे काही म्हटलं नाही. आधी दोरी हनुवटीपर्यंत ओढली, मनातल्या मनात दहा मोजले आणि सावकाश परत आणली. मग म्हणाली, "शाळेच्यापेक्षा हे बरं. ते मोठ्या पोरींचं आहे." तेव्हा बाबांचा पहिला प्रश्न मला पुरता कळला. सुट्टीभर ती रोज सकाळी पोत्यावर साठ बाण मारत होती. चाचणीत काय करायचं ते तीच करणार, पण सराव एक दिवसही बुडाला नाही.

ज्याला बनवायचं असेल त्याने येत्या डिसेंबरात बांबू तोडून ठेवावा, पुढच्या दिवाळीपर्यंत वाळेल. आणि आधी ज्याला द्यायचं आहे त्याला काट्यावर ओढायला लावावं. व्हर्नियर हवा असेल तर माझ्याकडून घेऊन जा.