रात्रीचा संदेश

सूर्यावरील डाग सुमारे ११ वर्षांच्या चक्राने वाढतात आणि घटतात. ते घटले म्हणजे आखूड लहरींचे दूरचे मार्ग खुंटतात. तेव्हा स्पर्धेत उतरलेले हौशी रेडिओचालक १६० मीटरच्या लांब लहरींवर रात्र जागवितात. कारण या लहरी शोषून घेणारा वातावरणातील खालचा थर सूर्यास्तानंतर विरतो आणि त्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन समुद्रापार पोचतात.

ही वाट जुनी आहे. डिसेंबर १९२१ मध्येही डाग ओसरत होते. हौशींच्या लहरी अटलांटिक महासागर ओलांडतील काय, अशी शंका होती. अमेरिकेचे पॉल गॉडली स्कॉटलंडमधील आर्ड्रोसन येथे समुद्रकाठी, तंबूत, थंडीवाऱ्यात कान लावून बसले. अखेर मायदेशातील हौशी केंद्राचा संदेश, सुमारे २३० मीटरच्या लहरीवरून, त्यांच्या कानी पडला. धीराने ऐकणाऱ्यास अंधारही साह्य करितो.