सही तुझी, दुकान कुणाचं?

"फक्त सही करायची आहे गं ताई, बाकी सगळं तेच बघणार," असं तू म्हणालीस आणि माझ्या पोटात गोळाच आला. तुझ्या आनंदावर विरजण घालायची हौस नाही मला. पण मी इतकी वर्षं सीएच्या ऑफिसात कंपन्यांचे कागद भरते आहे, मग तुला नाही सांगायचं तर कुणाला सांगायचं? जरा शांतपणे ऐक.

तू सांगितलंस त्यावरून मला कळलं ते असं. त्या परदेशी मंडळींना पुण्यात घरगुती वस्तूंची दुकानं काढायचीत. शेअर तुझ्या आणि तुझ्या सासूबाईंच्या नावावर, दोघीही डायरेक्टर, गाळ्यांचे करार तुझ्या सहीने. पैसा त्यांचा, माल त्यांचा, नफाही त्यांचाच. तुला दरमहा ठरलेली रक्कम. मग ज्याच्याकडे एवढा पैसा आहे तो स्वतःच्या नावाने दुकान का काढत नाही, हा प्रश्न तुझ्या मनात यायला हवा होता.

त्याला ते काढता येत नाही, म्हणून. वेगवेगळ्या ब्रँडचा माल एका छताखाली किरकोळीने विकायचा असेल तर परदेशी भांडवलाला 51 टक्क्यांची मर्यादा आहे, आणि तेवढ्यासाठीही आधी सरकारची परवानगी लागते. 2012 मध्ये हे दार उघडलं तेव्हाच त्याला मोठमोठ्या अटी घातल्या. किमान 10 कोटी डॉलर आणायचे, ठरावीक मालाची 30 टक्के खरेदी इथल्या लहान उद्योगांकडून करायची, शिवाय राज्याचा होकार हवा. महाराष्ट्राने होकार दिला होता. पण चार दुकानं काढायला निघालेला माणूस 10 कोटी डॉलर कुठून आणणार? म्हणून त्याला तू हवी आहेस. तुझी हुशारी नको, तुझा पॅन आणि आधार हवा.

तुला वाटत असेल, कशाला हव्यात असल्या मर्यादा, पैसा आला तर चांगलंच की. मला तसं वाटत नाही. लक्ष्मी रोडवरचा एखादा भांडीवाला स्वतःच्या भांडवलावर, बँकेच्या कर्जावर उभा असतो. त्याच्यासमोर वर्षानुवर्षं तोटा सोसू शकणारा पैसा आणून बसवला तर तो टिकत नाही, आणि एकदा तो उठला की भाव ठरवणारा कुणी दुसराच असतो. आपल्याकडे 1973 चा फेरा हा परकीय चलनाचा कायदा आला तेव्हा बहुतेक परदेशी कंपन्यांना हिस्सा 40 टक्क्यांवर आणायला सांगितलं होतं. कोका-कोला 1977 मध्ये देश सोडून गेली, आयबीएम 1978 मध्ये. ते आपण अजून सांगत बसतो. पण कोलगेटसारख्या कंपन्या राहिल्या, त्यांनी आपले शेअर भारतीयांना विकले, आणि कितीतरी मध्यमवर्गीय मराठी घरांत पहिल्यांदा शेअर सर्टिफिकेट आलं ते त्या काळात. फेरा फार जाचक होता, हे मीही मानते. 2000 मध्ये त्याच्या जागी फेमा आला ते बरंच झालं. पण त्या घरांतले शेअर खरे होते गं. लाभांश यायचा तो घरात यायचा. तुझ्या नावावरच्या शेअरचा लाभांश कुणाच्या घरात जाणार आहे?

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे नियम मोडले की सरकार कुणाकडे येतं? परदेशातला मालक तर परदेशात. इथे पत्ता कुणाचा, सही कुणाची, बँकेतलं खातं कुणाच्या केवायसीवर? तुझ्या. मर्यादा कागदावर परदेशी माणसाला असते, पण नोटीस येते ती इथल्या माणसाच्या दारावर. थायलंडमध्ये तर परदेशी व्यक्तीसाठी नावापुरते शेअर धरणाऱ्या थाई नागरिकाला 3 वर्षांपर्यंत तुरुंगवास, असं त्यांच्या 1999 च्या कायद्यात सरळ लिहिलंय.

आपल्याकडे ते एका ओळीत लिहिलेलं नाही, वेगवेगळ्या कायद्यांत विखुरलेलं आहे, म्हणून लोक गाफील राहतात. फेमाखाली गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे तुझ्या कंपनीतून 2 कोटी फिरले असतील तर 6 कोटींपर्यंत. बेनामी व्यवहारांचा कायदा 1 नोव्हेंबर 2016 पासून कडक झाला. त्यात शेअरही मालमत्ताच धरतात, आणि ज्याच्या नावावर ती ठेवली तो बेनामीदारही सुटत नाही. गुन्हा सिद्ध झाला तर 1 ते 7 वर्षं सक्तमजुरी, शिवाय बाजारभावाच्या 25 टक्क्यांपर्यंत दंड. कंपनी कायद्याच्या कलम 89 आणि 90 प्रमाणे शेअर एकाच्या नावावर आणि लाभ दुसऱ्याचा असेल तर तसं जाहीर करावं लागतं. आणि कंपनीने सलग तीन वर्षं विवरणपत्रं भरली नाहीत तर डायरेक्टरच पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो. 2017 मध्ये असे तीन लाखांहून जास्त डायरेक्टर अपात्र ठरवले होते. स्वतःच्या दुसऱ्या, धडधाकट चालणाऱ्या कंपनीतही मग त्यांना नव्याने डायरेक्टर होता येईना. उद्या तुला खरोखर स्वतःचं काही काढायचं असेल, तेव्हा काय करशील?

सप्टेंबर 2022 ची एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. चिनी धागेदोरे असलेल्या बनावट कंपन्यांच्या तपासात केंद्र सरकारच्या यंत्रणांनी गुरुग्राम, बंगळुरू, हैदराबाद इथल्या कार्यालयांवर छापे घातले. तिथे पेट्याच्या पेट्या सापडल्या. त्यांत कंपन्यांचे शिक्के आणि नावापुरत्या डायरेक्टरांच्या डिजिटल सह्या. तो तपशील वाचला तेव्हा मला त्या डायरेक्टरांचंच वाईट वाटलं. पैशांसाठी नाव दिलेली माणसं ती. त्यांच्या सहीने काय काय मंजूर झालं, याचा त्यांना पत्ता तरी असेल का?

तू म्हणशील, ताई, परदेशी कंपनीत इथला डायरेक्टर तर कायद्यानेच लागतो. बरोबर आहे. आर्थिक वर्षात निदान 182 दिवस भारतात राहिलेला एक डायरेक्टर प्रत्येक कंपनीत असावाच लागतो. आणि एखाद्याच्या वतीने शेअर धरणंही नेहमीच गुन्हा नसतं. शंभर टक्के परदेशी मालकीच्या कंपनीलाही किमान दोन भागधारक लागतात, तेव्हा एखादा शेअर दुसऱ्याच्या नावावर ठेवतात. पण तसं सरकारकडे अर्ज भरून उघडपणे सांगितलेलं असतं. तुझ्या प्रकरणात त्यांना नेमकं तेच लपवायचंय.

म्हणून त्यांनी पाठवलेला कागदांचा गठ्ठा मी सांगते तसा चाळ. शेअरची रक्कम तुझ्या खात्यातून जाणार आहे का, आणि आधी तुझ्या खात्यात ती कुठून येणार आहे? तुला शेअर घेण्यासाठी "कर्ज" देण्याचा वेगळा करार आहे का? तारीख न टाकलेला शेअर हस्तांतराचा फॉर्म, तारीख न टाकलेला राजीनामा, सगळे अधिकार दुसऱ्याला देणारं कुलमुखत्यारपत्र, यांपैकी काही दिसतंय का? बँकेचा ओटीपी कुणाच्या मोबाईलवर येणार? डिजिटल सहीचं ते यूएसबी टोकन कुणाच्या टेबलाच्या खणात राहणार? यातलं एक जरी त्यांच्या हातात असलं, तरी मालक कोण हे मला वेगळं सांगायला नको.

टोकन बनवायला फोटो, व्हिडिओ, काही दिलं आहेस का? दिलं असशील तर लपवू नकोस, मी रागावणार नाही. ज्या संस्थेने प्रमाणपत्र दिलं तिच्याकडून ते लगेच रद्द करून घ्यायचं. कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर तुझा डिन, म्हणजे डायरेक्टरचा ओळख क्रमांक, टाकून तुझ्या नावावर कुठली कंपनी दिसते का ते आपण मिळून पाहू. दिसलीच तर कंपनीला लेखी राजीनामा द्यायचा आणि डीआयआर-11 हा अर्ज आपण स्वतः भरायचा, त्यांच्या माणसावर सोडायचा नाही. एवढं मात्र ध्यानात ठेव, राजीनाम्याआधी घडलेल्या गोष्टींची जबाबदारी राजीनाम्याने पुसली जात नाही. आणि सासूबाईंना आजच सांग. त्यांना या वयात कुठल्या कार्यालयात हेलपाटे घालायला लागू नयेत.

तुला दुकान काढायची इतकी इच्छा आहे, ती मला मनापासून आवडते गं. आणि त्यासाठी सरळ रस्ता आहे. घाऊक व्यापारात परदेशी भांडवलाला शंभर टक्के मुभा आहे, आधी परवानगीही लागत नाही. फक्त शेजारच्या, जमिनीने जोडलेल्या देशांतून पैसा येत असेल तर 2020 पासून सरकारची परवानगी लागते, तेवढं विचार. त्यांनी आपल्या नावाने घाऊक कंपनी काढावी आणि जीएसटी नंबर असलेल्या दुकानदारांना माल विकावा. त्या दुकानदारांपैकी एक तू. दुकान तुझं, कर्ज तुझं, भाव तू ठरवायचा, दुसऱ्याकडचा माल स्वस्त पडला तर तो आणायचा. सुरुवातीला एकच गाळा पुरे. भिशीचे पैसे आहेत, माझ्याकडेही थोडे पडलेत, आणि मुद्रा कर्जासाठी लागणारे कागद मी करून देईन.

उद्या त्यांना फोन कर आणि हाच प्रस्ताव ठेव. तयार झाले तर कराराचा मसुदा आधी माझ्याकडे पाठव. "मग तुमची गरज नाही" म्हणाले, तर फोन ठेवून दे आणि तुझा पॅन, आधार, फोटो असं जे काही पाठवलं असशील त्याची यादी घेऊन रविवारी सकाळी माझ्याकडे ये.